संतांची बदली

ओब्राद पोपादिचला काहीच होत नाही, ही आपल्या गल्लीची जुनी तक्रार आहे. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको यास्ना सुबोतित्सातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे कायमची राहायला निघाली, तेव्हा अख्खी गल्ली पडद्याआड कान टवकारून उभी होती. निदान एखादी बशी तरी फुटेल, अशी माफक अपेक्षा होती. ओब्रादने काय करावं? स्वतः खांदा देऊन कपाट ट्रकात चढवलं, वर डॉक्टरला सांगितलं की डाव्या दाराचं बिजागर ढिलं आहे, लावताना जरा उचलून घ्या. ट्रक गेला, ओब्राद आत गेला आणि त्याने कालचं सूप गरम केलं. समोरच्या घरातून त्याचं स्वयंपाकघर स्वच्छ दिसतं, म्हणून सूप कालचं होतं हेही खात्रीने सांगता येतं.

तेव्हापासून हा माणूस असाच आहे. दारू पीत नाही, रडत नाही, कुणावर डाफरत नाही. सकाळी पावणेसातला सायकल काढतो, पिठाच्या आणि शेवयांच्या कारखान्यात जातो, चारला परत येतो. 'कसा आहेस' विचारलं तर 'आहे' म्हणतो. त्यातून माणसाने बातमी काय काढायची?

कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो. एकशे नव्वद नग. बॉयलरशेजारच्या खोलीत एक सर्व्हर आहे आणि बावीस वर्षं त्या सर्व्हरवरून ओब्रादचं राज्य चालत आलं. कुठल्या मशीनने काय करायचं, पासवर्ड कधी बदलायचा, स्क्रीन किती वेळाने आपोआप कुलूपबंद व्हायची, नवीन सुधारणा टाकून मशीन कधी बंद-चालू करायचं, हे सगळे नियम तो तिथे लिहायचा. मशीनने सकाळी डोळे उघडले की आधी बॉयलरच्या खोलीला विचारायचं, आज काय हुकूम?

आता हे हुकूम त्याने लावले कसे होते, ते ऐकण्यासारखं आहे. एकशे नव्वद मशीन एकाच दिवशी बंद-चालू करता येत नाहीत, गट पाडावे लागतात. सुरुवातीला त्याने विभागवार गट पाडले, तर प्रत्येक विभागाचा साहेब म्हणायला लागला की आमचं सोडून बाकीच्यांचं आधी करा. मग ओब्रादला युक्ती सुचली. प्रत्येक सर्बियन घराला आपला एक संत असतोच. त्या संताच्या दिवशी, म्हणजे स्लावाला, कारखाना हक्काची सुट्टी देतो. माणूस घरी पाहुण्यांना उकडलेला गहू आणि केक वाढत असतो, मशीन इकडे रिकामं बसलेलं असतं. तेव्हा ज्याचा जो संत, त्या गटात त्याचं मशीन. निकोल्दान, जुर्जेवदान, अरांजेलोवदान, लुचिंदान, मित्रोवदान, असे गट पडले; दान म्हणजे त्या संताचा दिवस. निकोल्दानला तर अर्धं ऑफिस ओस असतं, एका दिवसात सत्तर मशीन उरकायची. कारखान्यातल्या हंगेरियन मंडळींना स्लावा नाही. त्यांचा गट त्याने 'उरलेले' या नावाने केला, तर पॅकिंगमधला फेरेंट्स महिनाभर त्याला जाता-येता विचारत होता, की आम्हालाही एखादा वापरलेला संत असेल तर बघ, घासूनपुसून घेऊ.

मग वर्षानुवर्षं झालं असं, की खण तयारच आहेत म्हणून ओब्राद त्यांत बाकीचंही कोंबत गेला. कुणाला मोठी अक्षरं हवीत, टाक जुर्जेवदानात. कुणाचा प्रिंटर वेगळा, टाक अरांजेलोवदानात. मित्रोवदानच्या गटात एकच मशीन होतं, वजनकाट्यावरच्या विदोसावाचं, म्हणजे आपल्या विदाचं. काट्यावरची स्क्रीन कधीच कुलूपबंद व्हायला नको, हा नियम त्याने त्या संताच्या गळ्यात अडकवला आणि विसरून गेला.

गेल्या वर्षी कारखाना ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी घेतला. त्यांच्याकडे बॉयलरशेजारी खोली वगैरे प्रकार नाही. त्यांचे हुकूम क्लाउडमधून येतात, म्हणजे मशीन जगात कुठेही असो, इंटरनेट असलं की झालं. सप्टेंबरात सगळी मशीन तिकडे नोंदवली गेली आणि प्रत्येक मशीनला दोन धनी झाले. खालचा म्हणतो पासवर्ड आठ अक्षरांचा, वरचा म्हणतो चौदा. खालचा म्हणतो रिस्टार्ट स्लावाला, वरचा म्हणतो मंगळवारी. मशीन बिचारं कधी याचं ऐकतं, कधी त्याचं, आणि ग्राझच्या तक्त्यात त्या मशीनच्या नावापुढे पिवळी पट्टी उमटते: 'संघर्ष'. ऑक्टोबरात तिथे एकशे नव्वदपैकी एकशे त्र्याऐंशी पिवळ्या पट्ट्या होत्या.

ग्राझची हाइड्रुन नावाची बाई दर बुधवारी स्क्रीनवर यायची. अगदी गोड बोलायची. तिने गोड बोलूनच सांगितलं, की तीस नोव्हेंबरला जे मशीन पिवळं राहील ते नेटवर्कमधून आपोआप बाहेर काढलं जाईल. ओब्राद 'बरं' म्हणाला.

यावर एक सोपं बटण आहे: दोघांत मतभेद झाला तर क्लाउडचं खरं. नुसतं ते दाबून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण ते बटण काही नियमांपुरतंच चालतं, बाकीच्यांना ते माहीतही नसतं. शिवाय सर्व्हरवरून काढलेला नियमही काही ठिकाणी मशीनच्या अंगावर गोंदणासारखा राहून जातो, तो हाताने खरवडावा लागतो. तेव्हा ओब्रादने शहाण्या माणसाचा मार्ग धरला. एकेक नियम घ्यायचा, त्याचा धनी कोण ते एकदाच ठरवायचं, क्लाउडमध्ये नव्याने मांडायचा, खालून पुसायचा, मशीनवर जाऊन गोंदण बघायचं आणि मगच पुढचा. संतही असेच एकेक करून वर पाठवायचे.

दीड महिना तो हेच करत होता. चहाच्या टपरीवर लोकांना आयता विषय मिळाला. आज कुणाची बदली झाली रे? घोड्यावरच्या जुर्जेची? घोडा नेला का बरोबर? ओब्राद खरंखरं उत्तर द्यायचा, की नाही, जुर्जेवदान गुरुवारी आहे. बावीस वर्षांचं आपलं काम आपल्याच हाताने पुसताना माणसाच्या पोटात थोडं तरी तुटावं. याच्या नाही तुटलं. अरांजेलोवदान पुसला तेव्हा तो सफरचंद खात होता. हे फेरेंट्सने पाहिलं आहे.

आणि काम नीट करायचं म्हणून त्याने जाता जाता याद्या तपासल्या, तिथेच माती खाल्ली. विदोसावाचं मशीन मित्रोवदानात, पण हजेरीच्या नोंदी म्हणतात की ही बाई वीस वर्षं स्लावाची सुट्टी लुचिंदानला घेते. मित्रोवदान हा तिच्या नवऱ्याचा, मिलुतिनचा संत. त्याला सोडून ती वीस वर्षांपूर्वी बापाच्या घरी परतली आणि रीतीप्रमाणे बापाच्या संताकडेही परतली. म्हणजे यादीच चुकीची आहे, असं ओब्रादने ठरवलं. तिचं मशीन लुचिंदानात हलवलं, मित्रोवदान रिकामा झाला, रिकामा म्हणून पुसून टाकला. काट्याची पट्टी हिरवी झाली. तो शुक्रवार होता.

सोमवारी काट्यावर ट्रक आले. काट्याचं काम असं असतं: भरलेला ट्रक चढतो, विदा वजन घेते, मग लॅबची मुलगी गव्हात नळी खुपसून नमुना नेते, ओलावा तपासते. दहा-बारा मिनिटं जातात. तोवर पहिलं वजन स्क्रीनवर उघडं बसलेलं असतं. त्या सोमवारी पाचव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. स्क्रीनला कुलूप पडलं की वजनाच्या प्रोग्रामचं काट्याशी बोलणं तुटतं आणि पहिलं वजन जातं. ट्रक मागे घ्या, पुन्हा चढवा. विदाने पासवर्ड टाकायला घेतला. चौदा अक्षरं, त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह. तिच्या बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे झालेत, एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जातात. तीन वेळा चुकलं की अर्धा तास खातं बंद. दहा वाजेपर्यंत ट्रकांची आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर पडून बेकरीच्या कोपऱ्याला लागली आणि ड्रायव्हर लोक खाली उतरून विदाच्या खिडकीशी कोटी करायला लागले, की तेता, पासवर्ड टाकतेस का माळ जपतेस?

तेता म्हणजे मावशी. चौसष्ट वर्षांच्या विदाला सगळा कारखाना तेताच म्हणतो. सगळा म्हणजे शिफ्टचा साहेब रादोमान सोडून. त्याने दुपारी तिला बोलावून सांगितलं, की काट्याला आता तरुण बोटं पाहिजेत. महिनाअखेरपर्यंत हे असंच चाललं तर तिला पॅकिंगला पाठवावं लागेल. पॅकिंगला आठ तास उभं राहायचं असतं. पेन्शनला तिला नऊ महिने होते. त्या गुडघ्यांवर ती तिथे नऊ दिवस टिकली नसती, मग स्वतःच राजीनामा देऊन गेली असती, आणि नऊ महिने आधी गेलं की पेन्शन कायमची कापली जाते. हे रादोमानला ठाऊक होतं, विदाला ठाऊक होतं, आणि मंगळवारी सकाळी फेरेंट्सने सांगितल्यावर ओब्रादलाही ठाऊक झालं.

तो काट्याच्या खोलीत गेला. खोली कसली, खोकं आहे. एक हीटर, एक खिडकी, तुर्की कॉफीचं भांडं. विदाने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"ये रे कोम्शिया," ती म्हणाली. शेजाऱ्याला असंच हाकारतात, पण तिच्या तोंडून ते शिवीसारखं आलं. "चार घरं सोडून राहतोस आणि माझ्या पोटावर पाय देतोस, ते बघायला आलास?"

ओब्रादने सांगितलं की चूक त्याची आहे. यादीत ती मित्रोवदानात होती, ते चुकीचं वाटलं, म्हणून लुचिंदानात घातली.

"चुकीचं कसं? मी दोन्हीकडे आहे."

त्याने खिशातली यादी काढून पुन्हा बघितली. तेव्हा तिने सांगितलं. मिलुतिन आठ वर्षांपूर्वी गेला. मूल नाही, एक भाऊ तो कॅनडात, तो येतोय कशाला. आता त्या घरात मेणबत्ती कोण लावणार? पाच पिढ्यांचा संत, कुणी नाही म्हणून विझला असता. माणूस वाईट होता, संताने काय केलं होतं? तेव्हापासून ती कागदावर बापाचा लुचिंदान पाळते आणि कामावरून घरी गेल्यावर संध्याकाळी मित्रोवदानही करते. खिडकीत मेणबत्ती, टेबलावर केक, पाहुणे कुणी नाहीत.

"आणि तुझी गंमत सांगू? दरवर्षी नेमकं त्याच दिवशी हे मशीन दुपारी आपोआप बंद व्हायचं. मला वाटायचं, मिलुतिनच करतोय. मेल्यावरही छळतोय म्हटलं."

"ते मी लावलेलं होतं," ओब्राद म्हणाला. "रिस्टार्ट."

"आता कळलं. आठ वर्षं त्या दिवशी मी त्याला शिव्या घालते आहे आणि करणारा तू."

गल्लीत ही मेणबत्ती सगळ्यांना ठाऊक होती. दोन आठवड्यांपूर्वीच तर लागली होती. विदा अजून मिलुतिनवर जीव टाकते की नुसती त्याच्या संतावर, यावर आपल्याकडे दोन तट आहेत आणि दर नोव्हेंबरला दोन्ही तटांचं बोलणं तीन दिवस बंद असतं. एकट्या ओब्रादला पत्ता नव्हता. रोज सायकलवरून त्याच खिडकीखालून जाणारा माणूस. तो म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, तू कधी विचारलंस? त्याला ते लागलं का, ते सांगता येत नाही. तो वळला आणि कामाला लागला.

आधी त्याने सरळ उपाय केला. क्लाउडमध्ये मित्रोवदान पुन्हा उभा केला, त्यात 'कुलूप नको' हा नियम घातला आणि विदाचं मशीन दोन्ही संतांत ठेवलं, जशी ती घरी आहे तशी. तासाभरात पट्टी पिवळी झाली. एक संत म्हणतो पाच मिनिटं, दुसरा म्हणतो कधीच नाही, आणि क्लाउडमध्ये दोन नियम भांडले की तो कुणाचीच बाजू घेत नाही, नुसता 'संघर्ष' लिहून हात झटकतो. विदा एका घरात दोन मेणबत्त्या लावू शकत होती, तिच्या मशीनला ती मुभा नव्हती. आणि पिवळं मशीन तीस तारखेला नेटवर्कबाहेर, म्हणजे काटाच बंद.

तेव्हा त्याने ते मशीन दोन्ही संतांतून काढलं. एकट्याचा नवा गट केला आणि कुलपाच्या नियमातून तो गट वगळा, असा अर्ज ग्राझला लावला. अशी सूट हाइड्रुनच्या मंजुरीशिवाय मिळत नाही.

बुधवारी हाइड्रुन स्क्रीनवर आली. तिने विचारलं, की हे मशीन माणसाचं आहे की उपकरणाचं? माणसाच्या मशीनला कुलपातून सूट नाही, कुणालाच नाही, तिच्या स्वतःच्या साहेबालाही नाही. उपकरणाला मिळू शकते. उदाहरणार्थ, भट्टीला जोडलेलं मशीन. मात्र मग त्यावर कुणा माणसाचं खातं राहणार नाही, ते उपकरणाच्या नावाने आपोआप उघडेल, आणि खोलीला कुलूप पाहिजे. ओब्रादने सांगायला सुरुवात केली, की तिथे एक बाई आहे, तिची बोटं. हाइड्रुनने गोड आवाजात थांबवलं. बोटं असतील तर ते माणसाचं मशीन झालं, मग मला नाही म्हणावं लागेल. तुम्ही विचार करून लिहा, शुक्रवारपर्यंत.

तो पुन्हा खोक्यात गेला. यावेळी विदाने कॉफी ओतली, कदाचित रांग कमी होती म्हणून.

"तुझं नाव मशीनवरून काढावं लागेल," तो म्हणाला. "पावतीवर 'वजन घेणार: विदोसावा' छापून येतं, ते येणार नाही. 'काटा एक' येईल."

"आणि मी?"

"तू कागदावर काट्याचा भाग."

विदाने कॉफीचा घोट घेतला. बाहेर एक ट्रक काट्यावर चढला, खिडकीची काच थरथरली. तिने वजन घेतलं, लॅबच्या मुलीला हात केला.

"तेहतीस वर्षं इथे बसले आहे," ती म्हणाली. "लोक येतात, वजन विचारतात, जातात. मी काटा नाही तर कोण आहे? लिही तू. माझं वजन मात्र लिहू नकोस, रादोमान वाचतो सगळं."

ओब्राद हसला नाही. त्याने विचारलं, चालेल ना नक्की? म्हणजे नाव जाईल. ती म्हणाली, नाव घरी आहे, पेन्शन अजून यायची आहे.

शुक्रवारी त्याने अर्ज भरला. कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'वजनकाट्याचे उपकरण. मापन सुरू असताना कुलूप पडल्यास माप नष्ट होते.' दोन्ही वाक्यं खरी होती. दुपारी मंजुरी आली. नव्वद दिवसांसाठी. दर नव्वद दिवसांनी जबाबदार व्यक्तीने पुन्हा अर्ज करायचा, नाही केला तर सूट आपोआप रद्द. जबाबदार व्यक्ती म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं, मग फाटकाजवळच्या लोहाराकडून खोक्याच्या दाराला कुलूप बसवून घेतलं. सोमवारी रांग फाटकाच्या आत होती. रादोमानने पॅकिंगचा विषय पुन्हा काढला नाही. तो काढून फायदा नव्हता, काटा चालू होता.

पावतीवर 'काटा एक' छापून यायला लागलं, तेव्हा शेतकऱ्यांनी आठवडाभर विदाला त्या नावाने हाका मारल्या. काय काटाबाई, आज किती? मग ते विसरले. फेब्रुवारीत ओब्रादने अर्ज नव्याने लावला, मेमध्ये लावला, ऑगस्टमध्ये लावला. तीच दोन वाक्यं, तीच चौकट. गल्लीला वाटलं होतं की एवढं झाल्यावर तो विदाकडे बसायला-उठायला जाईल, निदान तिच्यासाठी कुंपण तरी दुरुस्त करेल. तो सायकलवरून जाताना खिडकीकडे मान वळवून 'आहेस?' म्हणायला लागला. ती 'आहे' म्हणायची. एवढंच. त्यातूनही काही लोकांनी बरंच काही काढलं, पण ते राहू दे.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला विदा पेन्शनीत गेली. पूर्ण पेन्शन, एक पैसा कापला नाही. काट्यावर द्रागिशा नावाचा पंचवीस वर्षांचा पोरगा आला. कुलूप नसलेल्या मशीनवर तो मजेत फुटबॉलचे निकाल बघत बसायचा.

नोव्हेंबरात ग्राझहून पुन्हा टपाल आलं. यावेळी चौकटीआधी एक नवा प्रश्न होता: 'उपकरण अजून वापरात आहे का?' खाली दोन गोल, हो आणि नाही. इथे ओब्रादचा हात क्षणभर थांबला, असं सांगायला फार बरं वाटलं असतं. पण फेरेंट्स तेव्हा प्रिंटरची तक्रार घेऊन त्याच्या टेबलाशीच उभा होता आणि तो म्हणतो, थांबला नाही. ओब्रादने 'नाही'वर टिचकी मारली, मशीन द्रागिशाच्या नावाने केलं आणि प्रिंटरचं काय झालं म्हणून विचारलं.

तासाभराने द्रागिशाचा फोन आला. स्क्रीन काळी पडली होती, मधलं वजन गेलं होतं, ट्रकवाला ओरडत होता. ओब्रादने ऐकून घेतलं. मग सांगितलं, की पाच मिनिटांत एकदा माऊस हलवत जा, आणि नाहीच जमलं तर पासवर्ड टाक. चौदाच अक्षरं आहेत.